ठकुबाईचा अंगठा

रविवारी दहाला तालमीत जमतो आम्ही.
हौद्यातल्या मातीवर ताडपत्री, तिच्यावर कागद.
पोस्टातून निवृत्त झालेले बाबालाल मुलाणी अध्यक्ष,
कारण चष्मा त्यांचाच सगळ्यांत जाड.
मी शाळेतली बाई, म्हणून लिहायचं काम माझ्याकडं.

ठराव साधा होता :
दोन्ही मोठ्या लढायांच्या वेळी
वसनेकाठचं आपलं गाव काय खात होतं,
काय लपवत होतं, कुणाची वाट बघत होतं,
ते लिहून काढायचं.
वेशीवरचा दगड फक्त आकडा सांगतो : गेले बेचाळीस.
परत किती आले ते कोरायला
पाथरवटाचे पैसे पुरले नसावेत.

"आजी, जर्मन कसा होता?" असं विचारलं
तर अनुसया फाळके आत गेल्या
आणि जर्मनचं पातेलं घेऊन आल्या.
"ह्यो बघा. ऐंशी वर्सं झाली, थेंब गळत न्हाई."
आम्ही पोट धरून हसलो.
मग पातेल्यावर कोरलेलं नाव वाचलं.
भावाचं होतं.
त्याचा शेवटचा पगार आला, त्यातनं घेतलेलं.

खरातांच्या पणतूनं बिल्ला आणला,
रिबीन उंदरांनी नेलेली.
म्हणाला, रखमाजी बसऱ्याला सायबाच्या शेजारी लढला,
गावात आल्यावर पाणी मात्र वरूनच मिळालं ओंजळीत.
हेही लिहा.
लिहिलं.
दोघेतिघे उठून बाहेर गेले, तंबाखू मळायला.

कणश्यांचा थोरला इटलीत, सरकारचा गडी.
धाकटा डोंगरात, सरकारच्या मुळावर उठलेला.
आई एकाच तव्यावर दोघांच्या नावानं भाकरी टाकायची
आणि फौजदार दारात आला
की थोरल्याचा फोटो पुढं करायची.

एक जण पलटणीतून पळून आला,
अकरा महिने कडब्याच्या गंजीत राहिला.
घरचे म्हणाले, नाव नको.
नावाच्या जागी आम्ही लिहिलं : गंज.

आणि मग ही वही.
बाबालालच्या वडिलांच्या पेटीतली, मनीऑर्डरींची.
ठकुबाई सपकाळ, दर महिन्याला बारा रुपये,
नवऱ्याकडून, पलटणीच्या पत्त्यावरून.
समोर अंगठा.
एक्केचाळीस सालभर अंगठा, निळा, गोल.
बेचाळीसच्या पौषात त्यावर आडवी चीर,
विळा लागला असणार.
त्रेचाळीसच्या दिवाळीला अंगठा नाही.
नुसता एक ठ,
भिंतीला टेकून बसल्यासारखा.
पुढच्या महिन्यात ठकु.
माघात पूर्ण नाव, आडनावासकट,
शिरोरेघ पहिल्यांदा नांगर धरणाऱ्याच्या तासासारखी.

कुणी शिकवलं?
रात्रीची शाळा तेव्हा नव्हती, बायकांसाठी तर नव्हतीच.
बाबालाल चष्मा काढून पुसत राहिले.
"वडील सांगायचे, खिडकीशी लई वेळ थांबायची ती,"
एवढंच बोलले.

चव्वेचाळीसच्या जूनमध्ये तार.
भाद्रपदात पेन्शनीची पहिली पावती,
आणि तिच्यावर पुन्हा अंगठा.
चीर तशीच.
त्यानंतर एकोणीस वर्षं अंगठाच.

पोरं म्हणाली, विसरली असेल.
"सोताचं नाव इसरत न्हाई बाई," फाळके आजी म्हणाल्या.
मग का?
आजींनी पातेल्याचं बूड पदरानं पुसलं,
आधीच पुसलेलं.

आमच्या तक्त्यात एक रकाना आहे : साक्षर की निरक्षर.
बाकी सगळ्यांचे भरून झाले.
ठकुबाईपुढं मी चार रविवार पेन टेकवते
आणि उचलते.

पुढच्या आठवड्यात जत्रेच्या कुस्त्या आहेत.
हौदा मोकळा करून द्यायचाय.
कागद कुठं ठेवायचे, ते अजून ठरलेलं नाही.